‘मी’चे अनेकवचन

‘मी’ या सर्वनामाचे अनेकवचन ‘आम्ही’ असे व्याकरणात शिकविले जाते. परंतु घोडा–घोडे या जोडीतील अनेकवचन आणि मी–आम्ही या जोडीतील अनेकवचन ही एका जातीची नव्हेत. अनेक घोड्यांचे ‘घोडे’ होतात. अनेक ‘मी’ मिळून मात्र ‘आम्ही’ होत नाही. बोलणारा एकच असतो आणि तो इतरांना आपल्या बोलण्यात सामील करून घेतो. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या कवितेत एक कवी साऱ्या कविकुळाच्या वतीने बोलतो. केशवकुमारांनी ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहात तिचे विडंबन केले, तेव्हा प्रहार झाला तो या वतीने बोलण्याच्या अधिकारावरच. राजाचा किंवा संपादकाचा ‘आम्ही’ तर केवळ मानाचा. त्यामागे दुसरे कोणी नसतेच.

आपल्या एकाच देहात अनेक ‘मी’ नांदतात, असे सांगणाऱ्या व्यक्ती या व्याकरणापुढे एक खरा प्रश्न उभा करतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या अवस्थेला बहुव्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणून आपल्या निदानसूचीत स्थान दिले आणि १९९४ मध्ये तिचे नाव पालटले. नव्या नावात व्यक्तिमत्त्वांच्या बाहुल्याऐवजी स्वत्वाच्या विच्छेदनावर भर आला. त्यानंतरच्या काळात अशा जीवनाचा अनुभव सांगणाऱ्या अनेकांनी स्वतःसाठी निराळेच शब्द निवडले. ते स्वतःला ‘प्लुरल’ म्हणवितात; आतील साऱ्यांच्या समूहाला ‘सिस्टिम’ म्हणतात; प्रत्येकाचे नाव वेगळे ठेवून त्या समूहालाही एक सामाईक नाव देतात. त्यांच्या तोंडी ‘आम्ही’ हे ‘मी’चे अक्षरशः अनेकवचन होऊ पाहते. हा दावा तपासणे हे वैद्यकाचे काम आहे. त्या सामाईक नावाचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र साहित्यविचाराच्याही कक्षेतील आहे. कारण एक देह आणि अनेक नावे, तसेच अनेक देह आणि एक नाव, ही दोन्ही उदाहरणे मराठी साहित्याच्या परिचयाची आहेत.

पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे. कविता गोविंदाग्रजांची, विनोद बाळकरामांचा, नाटके गडकऱ्यांची. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांनीही कवितेसाठी आरती प्रभू हे नाव राखून ठेवले. ही टोपणनावे म्हणजे मुखवटे आणि त्यांमागील चेहरा एकच, असे मानून ‘खरा गडकरी’ शोधण्याचा मोह टीकेला होतो. परंतु एका नावाला जे शोभते ते दुसऱ्याला शोभत नाही. गोविंदाग्रजांची विव्हलता बाळकरामांच्या तोंडी हास्यास्पद ठरली असती आणि बाळकरामांचा खट्याळपणा गोविंदाग्रजांच्या कवितेला मारक झाला असता. नाव येथे काही लपवीत नाही. ते विशिष्ट बोलण्याला जागा करून देते. पोर्तुगीज कवी फेर्नांदु पेसोआ (१८८८–१९३५) याने तर आपल्या काल्पनिक कवींना स्वतंत्र चरित्रे, स्वतंत्र शैली आणि परस्परांविषयीची मतेही दिली.

तथापि, या उदाहरणांवरून देहातील अनेकत्वाविषयी घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. गडकऱ्यांची नावे ही कामाची वाटणी होती. गोविंदाग्रजांनी काय लिहिले याची बाळकरामांना आठवण नाही, असे कधी घडले नाही. ज्यांच्या बाबतीत स्मृतीच विभागलेली असते, त्यांच्या वेदनेला साहित्यिक खेळाचे रूप देणे म्हणजे तिचा उपमर्द करणे होय. साम्य आहे ते केवळ नावाच्या कार्यात.

दुसऱ्या प्रकारच्या उदाहरणाने ते कार्य अधिक स्पष्ट होते. नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांत पुढील शतकांतील विष्णुदास नामा यांच्यासारख्यांच्या रचना मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वर एक की दोन, हाही वाद उपस्थित झाला. संशोधकाने कालनिर्णयासाठी निवड करणे आवश्यकच आहे. परंतु जो नंतरचा कवी ‘नामा’ ही मुद्रा घेऊन अभंग संपवीत होता, तो सर्वस्वी तोतया नव्हता. त्या नावाने बोलावयाचे तर कोणत्या निष्ठेने बोलावे लागते, हे तो जाणत होता आणि ते बंधन पत्करीत होता. सामाईक नाव म्हणजे सर्वांची बेरीज नव्हे, सर्वांच्या आत दडलेले एखादे मूलतत्त्वही नव्हे. ते एक उत्तरदायित्व आहे. एकत्र कुटुंबात कर्ज कोणी काढले याची चौकशी घरात होते, दारात मात्र कुटुंबाचे नाव उभे राहते. बहुविध जीवन जगणाऱ्यांच्या समूहनामालाही हाच अर्थ आहे. आत कोण बोलले हे आतल्यांना ठाऊक असेल. दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी त्या एका नावावर येते.

‘एकच मी असल्याशिवाय माणूस जबाबदार राहू शकत नाही’ या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते. जबाबदारीला एकरूपता लागत नाही, मान्य केलेले नाव लागते. उपचारांतही सर्व अंशांचे विलीनीकरण हे एकच उद्दिष्ट मानले जात नाही. त्यांच्यातील सहकार्य हेही उद्दिष्ट स्वीकारले जाते. मात्र स्वतः निवडलेल्या संज्ञेचीही पुढे वेस होते. हे अनेकत्व आघातातूनच आले पाहिजे की अन्य मार्गानेही येऊ शकते, आणि ते नाव लावण्याचा अधिकार कोणाला, यांवर त्या संज्ञा वापरणाऱ्यांतच तीव्र मतभेद आहेत. ज्यांनी बाहेरून लादलेले नाव नाकारले, त्यांनीच आपल्या नावाच्या दारावर पहारा बसवावा, हा समूहनामांचा जुना धोका आहे. जबाबदारीचे वाहक म्हणून ते नाव टिकू शकते. शुद्धतेचे प्रमाणपत्र झाले की त्याचा ‘आम्ही’ पुन्हा कुणा एकाचाच ‘मी’ होऊन बसतो.

या संदर्भात मराठीने सांभाळलेला एक भेद मोलाचा आहे. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’ अशी दोन अनेकवचने तिच्यापाशी आहेत. आणि जो ‘आपण’ बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला एकत्र बांधतो, तोच शब्द ‘स्वतः’ या अर्थानेही वापरला जातो. स्वत्व आणि सहवास यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या भाषेच्या टीकाकाराने, अनेक नावांनी बोलणारा लेखक समोर आला असता, यांतील खरे कोण हा प्रश्न प्रथम विचारू नये. कोणत्या नावाने काय बोलणे शक्य झाले आणि त्या साऱ्याची जबाबदारी कोणते नाव घेते, हे त्याने आधी पाहावे.