तळं राखी तो पाणी चाखी

हिंदी चित्रपटातल्या तळ्याला दोन काठ असतात, मधे एक होडी असते, पण तळ नसतो. तळ असायला खोली लागते, आणि आपल्या चित्रपटांत खोलीचा उपयोग नायिकेला कोंडून ठेवण्यापुरताच!

'कटी पतंग' (१९७१) हे याचं ठळक उदाहरण. शक्ती सामंतांनी सगळी गोष्ट नैनितालला नेऊन बसवली. राजेश खन्ना वनाधिकारी, आशा पारेख पांढऱ्या साडीत, गळा मुकेशचा आणि होडी नैनी तलावात. एवढ्या भांडवलावर आमच्या सौ.चं निम्मं आयुष्य आनंदात गेलं आहे. त्यामुळे एल. टी. सी. मंजूर झाल्यावर कुठे जायचं हा प्रश्न घरात निघालाच नाही. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे घाटातली वळणं, आणि मल्लीतालला पोचल्यावर चहाच्याही आधी होडी!

होडीत बसल्यावर दिग्दर्शकाची पहिली लबाडी उघडकीला आली. पडद्यावर होडीत ती दोघंच असतात. प्रत्यक्षात तिसरा असतो तो नावाडी, आणि तो आपल्याकडे तोंड करून वल्हवतो. बायकोकडे जरा प्रेमानं पाहावं, तर तो विचारतो, "साब, तबियत ठीक है ना?" चौथी आमची कन्या. तिनं वेफर्सची रिकामी पिशवी पाण्यात सोडायला हात लांब केला मात्र, नावाड्याचं वल्हं थांबलं. "ना बेबी," तो म्हणाला, "यही पानी हम पीते हैं."

इतका पल्लेदार संवाद 'कटी पतंग'मध्ये शोधून सापडणार नाही. आपण ज्याला देखावा म्हणतो, तो तिथल्या माणसांच्या घरातला नळ आहे. शहराचं पिण्याचं पाणी या तळ्याच्या भरवशावर चालतं. तळ्याचं खातं आमच्या बँकेतल्या खात्यासारखंच. भरणा पावसाळ्यात, आणि उचल मे-जूनमध्ये, म्हणजे नेमके आपण सहकुटुंब दाखल होतो तेव्हा. २०१७ च्या उन्हाळ्यात शिल्लक इतकी खाली गेली की पाण्याच्या कडेनं कोरडी जमीन उघडी पडली. त्याआधी, २००७ मध्ये, तळ्याच्या बुडाशी नळ्यांतून हवा सोडायची व्यवस्था करावी लागली होती. तळ्याला धाप लागते हे कुठल्या गीतकारानं लिहिलंय?

तळ्याच्या टोकाला 'फ्लॅट्स' नावाचं मोठं मैदान आहे. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, आपण कणसं खातो. १८ सप्टेंबर १८८० रोजी इथे डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ माणसं गेली. त्याच दरडीच्या मातीनं हे मैदान वाढलं. मग उतारावरचं पाणी शहाणपणानं खाली उतरावं म्हणून ठिकठिकाणी नाले बांधले गेले. त्या नाल्यांत जे पडतं, ते मुक्कामाला तळ्यातच येतं. मैदानावर फेकलेलं कणसाचं बुरकुंडही!

माझी खरी तक्रार आता सांगतो. 'कटी पतंग'ची नायिका, रेल्वे अपघातात गेलेल्या मैत्रिणीचं नाव घेऊन तिच्या सासरी राहते. वर सगळं शांत, आणि खाली एक मेलेली बाई. अशा कथेला नैनितालइतकं शोभणारं गाव दुसरं नव्हतं. ते गावही वरून शांत, आणि पायाखाली १८८०. एवढं हाताशी असताना दिग्दर्शकानं तळ्याकडून काय काम करून घेतलं? गाण्याच्या मागे उभं राहायचं! नायक तर वनाधिकारी. पण चित्रपटभर त्याची सगळी देखरेख नायिकेवर. गाणी आजही गुणगुणावीशी वाटतात, याबद्दल वाद नाही. पण चित्रपटभर त्या गावात कुणाला तहान लागत नाही.

उलट 'मासूम' (१९८३) घ्या. शेखर कपूरच्या या चित्रपटात नैनिताल वाट्याला येतं थोडंच; पण तिथे एक बाई राहत होती, ती गेली, आणि तिचा मुलगा मागे राहिला. बापाच्या दिल्लीतल्या संसारात तो पोरगा हळूच येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून जे दिसतं ते नैनिताल. त्या तळ्याला तळ आहे. तिथे कुणीतरी राहतं, हे दिग्दर्शकाला ठाऊक होतं. हे ठाऊक असणं म्हणजेच निम्मी कला.

तळं राखील तो पाणी चाखील, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं म्हण केली त्यानं पर्यटनस्थळ पाहिलेलं दिसत नाही. तिथे चाखायला सगळा देश, चित्रपटवाल्यांसकट; आणि राखायला तो एक नावाडी.

हल्ली घरी ते होडीतलं गाणं लागलं की सौ. राजेश खन्नाकडे पाहते आणि कन्या पाण्याकडे. समीक्षक म्हणून माझं मत कन्येच्या बाजूनं आहे. नवरा म्हणून ते राखून ठेवलेलं आहे.