व्यसनकथेतील कर्तृपद : जॅक लंडनचे ‘जॉन बार्लीकॉर्न’

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मूलतः प्रथमपुरुषी क्रियापदावर उभा असतो. घडलेल्या गोष्टींचा कर्ता आणि त्यांचा निवेदक एकच आहे, या गृहीतावरच वाचक त्याच्यावर विश्वास टाकतो. व्यसनाचे आत्मकथन मात्र या गृहीतालाच धक्का देते. कारण आपल्या कृतीवर आपली सत्ता उरली नव्हती, हेच तेथे प्रथमपुरुषी कर्त्याला सांगावयाचे असते. ‘मी प्यालो’ असे म्हणावे तर असहायता नाकारल्यासारखे होते. ‘माझ्याकडून पिणे झाले’ असे म्हणावे तर जबाबदारी टाळल्यासारखे होते. अमेरिकन कथालेखक जॅक लंडन (१८७६–१९१६) याच्या ‘जॉन बार्लीकॉर्न’ या आत्मकथनात या पेचाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. प्रथम नियतकालिकातून क्रमशः आणि नंतर पुस्तकरूपाने ते १९१३ साली प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाचे वाचन सामान्यतः दोन प्रकारांनी झाले आहे. मद्यपाननिषेधाच्या चळवळीने त्याचा प्रचारासाठी उपयोग केला, आणि १९२० साली अमेरिकेत दारूबंदी अमलात आली तेव्हा ते त्या चळवळीच्या वाङ्मयात जमा झालेले होते. उलटपक्षी, मद्यासक्ती हा आजार आहे ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाल्यावर त्याच पुस्तकाकडे आजार नाकारणाऱ्या रुग्णाची कैफियत म्हणून पाहण्यात येऊ लागले. कारण आपण जन्मजात मद्यासक्त नाही, आपल्या देहाला मद्याची रुची कधीच नव्हती, असे लंडन वारंवार बजावतो. हे दोन्ही पक्ष लंडन मद्यासक्त होता की नव्हता, एवढ्याच प्रश्नाशी थांबतात. ग्रंथाच्या भाषेत हा प्रश्न कोणत्या रूपाने मांडला गेला आहे, याचा विचार दोहोंतही होत नाही.

प्रथम शीर्षकाचाच विचार करावा लागतो. ‘जॉन बार्लीकॉर्न’ हे लंडनने निर्मिलेले नाव नव्हे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील एका जुन्या लोकगीतात सातूच्या दाण्याला हे नाव आहे. अठराव्या शतकात रॉबर्ट बर्न्सनेही त्या गीताला आपले रूप दिले. लोकगीतात जॉनला जमिनीत पुरतात, तो उगवतो, त्याला कापतात, झोडपतात, दळतात आणि अखेर पितात. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर जॉन हा जवळजवळ सर्व क्रियांचे कर्म आहे. अगदी शेवटी मद्यरूपाने तो कर्ता होतो आणि माणसांना पुरून उरतो. लंडनच्या चरित्राचा क्रम याच्या नेमका उलट आहे. तेथे आरंभी माणूस कर्ता आहे. तो प्रयत्नपूर्वक, स्वतःच्या जिभेविरुद्ध, पिण्यास शिकतो. पुढे तोच हळूहळू कर्माच्या जागी सरकतो. लोकगीतातील नाव घेऊन त्यातील कर्ता-कर्म-संबंधाची अशी उलटापालट करणे, ही या ग्रंथाची मूळ रचना होय.

ही केवळ चेतनगुणोक्ती नव्हे. अचेतनावर चेतनाचे गुण लादणे हे काव्यात नित्याचेच आहे. येथे सामान्यनामाचे विशेषनाम झाले आहे, आणि त्याबरोबर लिंगही आले आहे. इंग्रजीत पदार्थवाचक नामाला व्याकरणिक लिंग नाही. मराठीत ‘दारू’ स्त्रीलिंगी, ‘मद्य’ नपुंसकलिंगी आहे. आपल्या काव्यपरंपरेत ‘मदिरा’ मोहिनी म्हणून येते. लंडनचा बार्लीकॉर्न मात्र पुरुष आहे, आणि तोही सवंगडी. याचे कारण सामाजिक आहे. लंडनच्या तारुण्यातील ओकलंडच्या बंदरावरचे गुत्ते ही पुरुषांची सभागृहे होती. नोकरीची वार्ता, उसने पैसे, ऊब आणि गप्पा हे सारे तेथे मिळे. ग्रंथाचा प्रारंभ स्त्रियांच्या मताधिकाराने का होतो, याचा उलगडा येथे होतो. १९११ साली कॅलिफोर्नियात या प्रश्नावर मतदान झाले. लंडनने अनुकूल मत दिले आणि घरी येऊन पत्नी शार्मियन हिला कारण सांगितले : स्त्रियांना मत मिळाले की त्या दारूबंदी आणतील. पुरुषांच्या या मित्राचा अंत स्त्रियाच करू शकतील, असा हा युक्तिवाद आहे. मात्र तो मांडताना वक्ता स्वतः प्यालेला आहे, ही गोष्ट लंडन लपवीत नाही. ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात विधान आणि विधानकर्ता यांच्यात असे अंतर पडते, आणि ते शेवटपर्यंत मिटत नाही.

पूर्वार्धातील क्रियांचे स्वरूप मराठी वाचकाला एका धातुयुग्माने चटकन समजू शकेल : पिणे आणि पाजणे. पाचव्या वर्षी शेत नांगरणाऱ्या सावत्र वडिलांकडे बिअरची बादली नेताना तो कुतूहलाने स्वतः पितो. सातव्या वर्षी मोठ्यांच्या भयाने, त्याला पाजली जाते म्हणून, वाइनचे पेल्यांमागून पेले रिचवितो. पंधराव्या वर्षाच्या सुमारास, चोरून कालवे काढणाऱ्यांच्या टोळीत शिरल्यावर, नेल्सन नावाचा साथीदार त्याला गुत्त्यात ओळीने बिअर पाजतो. परतफेड म्हणून आपणही पाजावयास हवे होते, हे मुलाच्या उशिरा ध्यानात येते आणि तो ओशाळतो. काही काळापूर्वीच हा मुलगा डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तासाला दहा सेंटवर राबलेला आहे. पैशाचे मोल त्याला ठाऊक आहे. तरीही सोबत्यांतील स्थान पैशाहून मोठे, असा धडा तो घेतो. याच काळात तो होडीत स्वतःला कोंडून घेऊन, वाचनालयाची पुस्तके वाचीत, चोरून गोळ्या-मिठाई खातो. मिठाई एकांतात आणि व्हिस्की चारचौघांत, हा तपशील मौलिक आहे. आवड आणि आचरण यांची फारकत तो एका दृश्यात सांगतो, आणि देहाला मद्याची ओढ नव्हती या त्याच्या दाव्याला येथे मिळणारा आधार नंतरच्या पुनरुक्तींपेक्षा बळकट आहे.

परंतु विशेषनाम एकदा कर्तृपदी बसले की त्याचा सोयीस्कर उपयोगही होऊ लागतो. पौगंडावस्थेत बेनिशिया येथे नशेत पाण्यात पडून तो ओहोटीबरोबर वाहत जातो, आणि बुडून मरणे ही कल्पना त्याला रम्य वाटते; पुढे थंडीने नशा उतरल्यावर जगण्याची इच्छा जागी होते व पहाटे एक ग्रीक कोळी त्याला वाचवितो. या प्रसंगाचे विवरण करताना मरणाची इच्छा बार्लीकॉर्नच्या खाती आणि जगण्याची इच्छा ‘मी’च्या खाती जमा होते. असा हिशेब अनेक ठिकाणी आढळतो. लज्जास्पद क्रियांचा कर्ता तृतीयपुरुषी आणि अभिमानास्पद क्रियांचा कर्ता प्रथमपुरुषी, ही वाटणी प्रामाणिक कबुलीशी विसंगत आहे, हा आक्षेप रास्तच म्हटला पाहिजे.

तथापि उत्तरार्धात लंडन स्वतःच ही वाटणी मोडतो. कीर्ती, पैसा, शेतीवाडी सर्व हाती आल्यावर मद्य गुत्त्यातून घरात येते. रोजचे हजार शब्द लिहून झाल्याखेरीज पेला घ्यावयाचा नाही, हा नियम मोडून पेला घेतल्याखेरीज शब्द सुचत नाहीत, अशी अवस्था येते. येथे ‘श्वेत तर्क’ या नावाचा दुसरा आवाज प्रकट होतो. तो सवंगडी नव्हे. जीवन निरर्थक आहे हे शांतपणे सिद्ध करणारा वादपटू आहे. त्याचे युक्तिवाद कोठून येतात हे पाहिले असता ते लंडनच्याच ग्रंथसंग्रहातून, त्याच्याच जडवादी व्यासंगातून आलेले दिसतात. मद्य येथे नवे काही सांगत नाही. ते वक्त्याचेच ज्ञान त्याच्याविरुद्ध उभे करते. संवादाचे रूप ठेवूनही हे स्वगत आहे, आणि म्हणूनच या प्रकरणांत ‘तो’ व ‘मी’ यांतील भेद टिकत नाही. ग्रंथातील सर्वांत भेदक भाग हाच होय.

शेवट या दृष्टीने वाचला पाहिजे. १९१२ साली केप हॉर्नला वळसा घालून केलेल्या १४८ दिवसांच्या सागरप्रवासात लंडन मद्यावाचून राहतो. देहाला त्याची उणीव भासली नाही, असे तो नोंदवितो; स्मृती आणि संगत यांच्याशी जडलेली इच्छा मात्र शाबूत असल्याचेही सांगतो. आणि मग तो ठरवितो की, आपण पीत राहू, फक्त अधिक जपून. दारूबंदीची मागणी करणाऱ्या पुस्तकाचा हा शेवट अनेकांना विसंगत वाटला आहे. परंतु व्याकरणाच्या अंगाने पाहता येथे प्रथमच बार्लीकॉर्न मागे सरून ‘मी’ हा निर्णयाचा निःसंदिग्ध कर्ता होतो. नावाचा मुखवटा गळून पडतो. त्याखाली जे दिसते ते आश्वासक नाही, एवढेच.

मराठी वाचकाला येथे राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात मोह घालणारा तळीराम हे स्वतंत्र पात्र आहे. सुधाकराचे पतन प्रेक्षक बाहेरून पाहतो. नाट्याला अशी विभागणी साधते. आत्मकथनात पाजणारा आणि पिणारा एकाच देहात राहतात, म्हणून लंडनला नावाचा आश्रय घ्यावा लागला. मराठीत असे आत्मकथन लिहिताना निराळीच अडचण येईल. ‘त्याला व्यसन लागले’ या वाक्यात व्यसन प्रथमेत आणि माणूस चतुर्थीत जातो. तहान, भूक, झोप यांच्या पंक्तीला व्यसनही येऊन बसते. इंग्रजीत लंडनला जे विशेषनाम योजून साधावे लागले, ते मराठीत रूढ वाक्यरचनाच विनासायास करून देते. लाभ आहे तसाच धोकाही. कारण विनासायास मिळालेल्या रचनेकडे लेखकाचे लक्ष जात नाही. बार्लीकॉर्न हे नाव निदान वाचकाच्या डोळ्यांत भरते आणि त्याची चौकशी करता येते.

ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. पुनरुक्ती पुष्कळ आहे. स्त्रिया मतदार आणि श्रोत्या यांपलीकडे जात नाहीत. पराक्रमाचा अभिमान कबुलीवर वारंवार मात करतो. लंडन १९१६ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारला, ही घटना पुढे ठेवून ग्रंथाचा निवाडा करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. त्याचे मोल भाकितात नाही. व्यसनात सापडलेल्या माणसाला आपल्या क्रियेचा कर्ता कोण, हे निश्चितपणे सांगता येत नाही, आणि सांगितल्यावाचून सुटकाही नाही. हा झगडा लंडनने वाक्यावाक्यांत चालू ठेवला आहे. मराठीतील व्यसनमुक्तीच्या आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांनीही घटनांच्या यादीआधी त्यांतील क्रियापदे आणि विभक्ती तपासून पाहिल्यास, लेखकाने काय कबूल केले आणि काय भाषेवर सोपविले, याचा अधिक खात्रीचा निर्णय त्यांना करता येईल.