शिवी, मुलाखत आणि औचित्य

भोपाळच्या जुन्या शहरात दुकानांपुढील दगडी फरशांना 'पटिया' म्हणतात. रात्री दुकाने मिटली की या पटियांवर माणसे जमतात आणि हॉकीपासून राजकारणापर्यंत सर्व विषयांचा निकाल तेथे लागतो. या बैठकीच्या बोलीत शिवीला मज्जाव नाही. 'को खां' या संबोधनाइतक्या सहजपणे ती येते आणि ज्याला उद्देशून ती येते तो बहुधा राग मानीत नाही. येथील मराठी कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हा अनुभव परिचयाचा आहे. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर भोपाळी. आणि घरात शिरताना चपलांबरोबर शिव्याही बाहेर काढून ठेवावयाच्या, हा येथला अलिखित दंडक होय.

दूरचित्रवाणीने हा उंबरा पुसून टाकला आहे. खेळाडू मैदानावर जे बोलतो ते यष्टीजवळच्या ध्वनिग्राहकातून आपल्या दिवाणखान्यात येते. सामना संपताच, श्वास अजून स्थिरावलेला नसताना, त्याच्या तोंडापुढे दुसरा ध्वनिग्राहक धरला जातो आणि 'आता आपल्याला काय वाटते?' असे विचारले जाते. अशा वेळी तोंडून शिवी निसटली की एक पक्ष संस्कृती बुडाल्याचा आक्रोश करतो, तर दुसरा 'किती अस्सल माणूस' म्हणून टाळ्या वाजवितो. माझ्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही शब्दाकडे पाहतात. तो कोणी, कोणाला आणि कोठे उच्चारला याकडे पाहत नाहीत.

आपल्या साहित्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले आणि कमरपट्टा गळ्यात व हार कमरेला बांधणाऱ्याचे हसे होते, या दृष्टांताने ते समजावून दिले. अलंकार तेच, पण स्थान चुकले. मम्मटाने ग्राम्यता हा दोष मानला. परंतु वक्ता कोण आहे हे पाहता दोषच गुण ठरू शकतो, असेही सांगितले. मराठीत भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (1965) वर आणि विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' (1972) वर वादळे उठली, तेव्हा त्या कृतींच्या बाजूने देता येण्याजोगे सर्वांत भक्कम उत्तर हेच होते. ती भाषा लेखकाची नसून पात्राची होती आणि त्या पात्राला दुसरी भाषा शोभली नसती.

हीच कसोटी क्रीडांगणाला लावून पाहावी. 2011 च्या एप्रिलमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध तिसरा गोल झाल्यावर वेन रूनी कॅमेऱ्याकडे वळून एक इंग्रजी अपशब्द ओरडला. त्याला दोन सामन्यांची बंदी झाली. 2013 च्या एप्रिलमध्ये, बोस्टनच्या मॅरेथॉनमधील बाँबस्फोटांनंतर पाचच दिवसांनी, बेसबॉलपटू डेव्हिड ऑर्टिझ याने भरल्या मैदानात तोच शब्द उच्चारून 'हे शहर आमचे आहे' असे ठणकावले; अमेरिकेच्या प्रसारण-नियामक आयोगाच्या अध्यक्षांनीच त्याची पाठराखण केली. हा पक्षपात नव्हे. रूनीच्या शब्दाला समोर कोणी श्रोता नव्हता, होती ती केवळ काच. ऑर्टिझच्या शब्दामागे जखमी झालेले एक संपूर्ण शहर उभे होते.

शिवी ही मुळात द्वितीय पुरुषाची भाषा आहे. तिला समोर 'तू' लागतो. पटियावरचा दोस्त असेल तर ती जवळीक होते, शत्रू असेल तर शस्त्र. मुलाखतीत हा 'तू' नसतो. तेथे जो ऐकतो तो लाखोंचा अनोळखी समुदाय, आणि त्यात तो दंडक पाळणारी घरेही आली.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उच्चार केला पाहिजे. आपल्याकडील बहुतेक शिव्या आईच्या आणि बहिणीच्या नावाने चालतात. ज्याला शिवी द्यावयाची तो पुरुष सुखरूप राहतो आणि जिचा संबंध नाही ती स्त्री अपमानित होते. 2025 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्यानंतर मैदानाची भाषा ही केवळ पुरुषांची खासगी बाब आहे, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

तरीही शिक्षेने हा प्रश्न सुटत नाही. 2024 च्या सप्टेंबरात सिंगापूर येथील वार्ताहर परिषदेत मोटारशर्यतपटू मॅक्स व्हर्स्टॅपेन याने आपल्या मोटारीविषयी एक अपशब्द वापरला. 'फिया' या जागतिक संघटनेच्या पंचांनी त्याला लोकहिताचे काम करण्याची शिक्षा दिली. पुढच्या वार्ताहर परिषदेत तो तुटक उत्तरे देऊन थांबला आणि सभागृहाबाहेर पडल्यावर पत्रकारांशी मोकळेपणाने बोलला. अपशब्द गेला, त्याबरोबर भाषणही गेले. 2025 मध्ये त्या संघटनेने दंड कमी केला आणि वार्ताहर परिषद व प्रत्यक्ष शर्यत यांत भेद केला. औचित्याचा विचार तेथवर पोहोचण्यास बराच काळ लागला, एवढेच.

शिवीवर माझा खरा आक्षेप नीतीचा नाही, साहित्याचा आहे. शिवी ही झिजलेली भाषा आहे. मुलाखतीत वारंवार ऐकू येणारे 'आम्ही प्रोसेसवर लक्ष दिले', 'शंभर टक्के दिले' हे शब्द जितके निर्जीव, तितकीच तीही निर्जीव. पुरावा हवा असेल तर 2024 च्या फेब्रुवारीतील विशाखापट्टणमची कसोटी आठवावी. क्षेत्ररक्षणात ढिलाई करणाऱ्या सहकाऱ्यांना रोहित शर्माने बागेत फिरणारे म्हणून दटावले. त्या वाक्यात शिवीही होती. परंतु लोकांच्या ओठी बसली ती बाग. पुढे त्याने स्वतः तरुण सहकाऱ्यांच्या छायाचित्रासोबत तीच बाग विनोदाने मिरविली. शिवी कोणाच्याही तोंडी असते. कसोटी सामन्यात रमतगमत फिरणाऱ्या माणसाचे चित्र मात्र त्या बोलणाऱ्याचे स्वतःचे होते.

याहून चांगले उदाहरण मराठीतच घडले. 5 जुलै 2024 रोजी मुंबईच्या विधानभवनात विश्वविजेत्या खेळाडूंचा सत्कार झाला. अंतिम सामन्यात सीमारेषेवर घेतलेल्या झेलाविषयी सूर्यकुमार यादव मराठीत एवढेच म्हणाला की, झेल हातात बसला. मागून रोहित शर्मा बोलावयास उभा राहिला आणि, तो हातात बसला हे बरे झाले, नाहीतर मीच त्याला बसविले असते, अशा आशयाचे मराठीत बोलला. सभागृह हसले. 'बसणे' या साध्या क्रियापदाच्या दोन अर्थांत कर्णधाराची जरब, सहकाऱ्यावरील माया आणि विजयाची सुटका ही तिन्ही एकवटली. शिवीचे सर्व काम त्या एका शब्दाने केले आणि शिवी लागली नाही. येथे 'तू' शेजारीच बसलेला होता, ऐकणारा समुदाय समोर होता, आणि बोलणाऱ्याने दोघांचेही भान राखले. औचित्य म्हणतात ते हेच.

खेळाडूंकडून आपण वक्तृत्वाची अपेक्षा करू नये, असे कोणी म्हणेल. भोपाळचे अस्लम शेर खान 1975 च्या क्वालालंपूर येथील उपांत्य सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरले, ताईताचे चुंबन घेऊन त्यांनी बरोबरीचा गोल केला आणि त्या क्षणाला एकाही शब्दाची गरज पडली नाही. हे मान्य आहे. परंतु आज ध्वनिग्राहक समोर येणारच. तेव्हा जो मुलगा ऐशबागच्या मैदानावर भोपाळीत विचार करतो, त्याच्याकडून पाठ केलेली परकी वाक्ये मागू नयेत. ती संपली की त्याच्यापाशी शिवीच उरते. त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावे. बोलीत शिवीखेरीज पुष्कळ काही असते. पटियावर बसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.