मूल्यनिरपेक्षता की अगतिमुक्तता?

समाजशास्त्रीय संशोधन मूल्यनिरपेक्ष असावे, हा दंडक शास्त्रशुद्धतेची पहिली अट म्हणून शिकविला जातो. आंबेडकरी अभ्यासकाच्या लेखनाला ‘संशोधन नव्हे, प्रचार’ असे म्हटले जाते, तेही याच दंडकाच्या आधारे. म्हणून प्रथम या दंडकाचीच चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

त्याचे जनकत्व सामान्यतः जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्याकडे दिले जाते. परंतु वेबर यांचे प्रतिपादन दुहेरी होते. संशोधक कोणता प्रश्न निवडतो, हे त्याच्या मूल्यांवरून ठरते, हे त्यांनी १९०४ च्या निबंधातच मान्य केले होते. मात्र प्रश्न निवडल्यानंतर निष्कर्ष आपल्या इच्छेप्रमाणे वाकवू नयेत आणि ‘आहे’ यावरून ‘असावे’ सिद्ध झाल्याचे भासवू नये, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे या प्रतिपादनाचा उत्तरार्ध तेवढा रुजला. पूर्वार्ध विसरला गेला.

पूर्वार्धाचे प्रत्यंतर खुद्द वेबर यांच्याच लेखनात मिळते. १९१६-१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदू व बौद्ध धर्मांवरील निबंधांत त्यांनी आरंभीच्या बौद्ध धम्माला राजकारण व समाज यांपासून अलिप्त असा भिक्खूंचा मोक्षमार्ग ठरविले. त्यांची भिस्त अनुवादांवर होती, हे एक कारण झाले. परंतु केवळ तेवढेच नव्हे. बुद्धिनिष्ठ भांडवलशाही पश्चिमेतच का उदयाला आली, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या प्रकाशात भिक्खूचा संन्यास ठळक दिसतो आणि दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त कडेला पडते. या सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या, अशी कार्यकारणाची साखळी मांडलेली आहे. ‘चोराला कोणती शिक्षा द्यावी?’ असे विचारणाऱ्याला ही साखळी दिसणार नाही. ‘तो चोर का झाला?’ असे विचारणाऱ्यालाच ती दिसेल.

त्याच काळात, ९ मे १९१६ रोजी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णद्वेषाने ग्रासलेले असल्यामुळे त्यांना जातीच्या मुळाशी वर्णभेदच दिसला, असे त्यांनी तेथे स्पष्टपणे नोंदविले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. रिस्ली, सेनार, नेसफील्ड आणि केतकर यांच्या व्याख्या तपासून त्यांनी सजातीय विवाह हेच जातीचे मर्म असल्याचे मांडले आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांची संगती त्याच सूत्राने लावली. जातीच्या विचारात स्त्रीच्या दुःखाला असे मध्यवर्ती स्थान देणारी दृष्टी मूल्यांतून आली, असे मानले तरी तिच्यावर उभा राहिलेला सिद्धान्त मात्र कोणालाही पुराव्यानिशी तपासता येतो, खोडताही येतो.

येथे पालि परंपरेतील एक भेद उपयोगी पडतो. सिगालोवाद सुत्तात चार अगती सांगितल्या आहेत : छंद, दोस, मोह आणि भय. आवडीमुळे, द्वेषामुळे, अज्ञानामुळे किंवा भीतीमुळे माणूस न्याय्य मार्गापासून ढळतो. संशोधकाने टाळावयाचे ते हेच. या चौघांत करुणा नाही. करुणा ही अगती नव्हे. अस्पृश्यतेचा अभ्यासक अस्पृश्यतेविषयी तटस्थ असला पाहिजे, ही अपेक्षा रोगाविषयी वैद्याने तटस्थ असावे या अपेक्षेइतकीच व्यर्थ आहे. मात्र वैद्याने निदानात पक्षपात करता कामा नये.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. शिलालेख, उत्खनन वा ग्रंथ यांचा आधार नसताना अमुक प्राचीन मंदिर म्हणजे मूळचा विहारच, असे ठासून सांगणारे लेखन आपल्यात होते. प्रत्येक ठिकाणचा पुरावा स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. एका ठिकाणचा दुसरीकडे चालत नाही. हेतू कितीही न्याय्य असो, असे लेखन छंदागतीच होय, आणि प्रतिपक्षाच्या हाती ते आयते शस्त्र देते. चंकी सुत्तातील सत्यरक्षणाचा उपदेश असा की, श्रद्धा असेल तर ‘ही माझी श्रद्धा आहे’ एवढेच म्हणावे. तेच एकमेव सत्य, अशी घाई करू नये.

तात्पर्य, मूल्यमुक्त संशोधन संभवत नाही. अगतिमुक्त संशोधन संभवते, आणि तेच आपले कर्तव्य आहे. आपली मूल्ये आरंभी उघडपणे सांगावीत आणि पुरावा विरुद्ध गेल्यास निष्कर्ष सोडण्याची तयारी ठेवावी. जो मूल्ये लपवून तटस्थतेचा आव आणतो, त्याच्यापेक्षा असा अभ्यासक शास्त्राच्या अधिक जवळ असतो.