पाणी कुणाच्या हातचं?

ठाणे स्टेशनातून बाहेर पडून तलावपाळीकडे गेलं की मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च लागतं. याच ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, आणि पुढे ओडोरिक नावाचा भटका धर्मगुरू त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. धर्माची गोष्ट म्हटली की आपल्याला असंच काहीतरी आठवतं: हौतात्म्य, धर्मांतर, चमत्कार. पण ज्याला हुतात्मा व्हायचं नाही, फक्त सकाळची फास्ट लोकल पकडायची आहे, त्याने श्रद्धेप्रमाणे जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मी कल्याणमध्ये वाढलेला मराठी ख्रिस्ती. आजोळ नगर जिल्ह्यातलं. घरी ना. वा. टिळकांची गीतं पाठ असायची. पण या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक मराठी उत्तर मला त्यांच्या गीतांत नाही, त्यांच्या बायकोच्या पुस्तकात सापडलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त.

हे पुस्तक आपण बहुतेक जण हसण्यासाठी वाचतो. विसरभोळे, तापट टिळक, नवरा-बायकोची भांडणं, पैसे हातात आले की वाटून मोकळं होणं. ही गंमत खरीच आहे. पण सलग वाचलं की त्याखालून दुसरीच एक गोष्ट वाहताना दिसते. ती सोवळ्याची आहे.

सुरुवातच बघा. १८५७ च्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाहेरून आलेल्या जिनसाही धुऊन घेतल्याशिवाय घरात वापरायच्या नाहीत. लक्ष्मीबाई हे सगळं हसत सांगतात. पण त्या घरातलं लहानपण डोळ्यांसमोर आणलं की कळतं, बाहेरच्या जगाची भीती त्या घरात रोज पाण्याने धुतली जात होती.

अशा घरातल्या मुलीचा नवरा १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतो. तिच्यासाठी हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हताच. आता चूल कुणाची, ताट कुठे, मुलाला कोण वाढणार, हा होता. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे ती नवऱ्याकडे आली, तीही आपलं सोवळं सोबत घेऊन, वेगळी चूल मांडून.

मग पुस्तकातला माझ्या मते सर्वात मोठा प्रसंग येतो, आणि तो चर्चमध्ये घडत नाही. कुणी मिशनरी समोर नाही, वादविवाद नाही. लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत बसतात आणि ठरवतात: जात माणसांनी केली आहे, देवाने नाही, तेव्हा आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे आधी पाणी प्यायलं, मग धर्म स्वीकारला. समीक्षकांनी या क्रमाकडे अजून जास्त लक्ष द्यायला हवं, कारण विश्वासाची या पुस्तकातली व्याख्याच तिथे आहे. वडिलांनी धुऊन धुऊन जे दाराबाहेर ठेवलं, ते मुलीने घरात घेतलं. पुढे तर इतरांची मुलंही त्या घरात वाढली.

लक्ष्मीबाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही पूर्ण केलं. तिथे त्या ठरवून ख्रिस्ताबद्दल लिहितात. ते आज फारसं कुणी वाचत नाही. 'स्मृतिचित्रे'त त्या आपल्या संसाराबद्दल लिहितात, आणि श्रद्धा आपोआप दिसते. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईची भाषा बोलण्यातून आलेली आहे. ती उपदेश करत नाही, घडलं ते सांगते. म्हणून ख्रिस्ती नसलेला वाचकही तिच्यासोबत चालतो.

पण माझी एक तक्रार आहे. कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, हा घेणाऱ्याचा निर्णय झाला. देणाऱ्याचं काय? नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने होती. त्यांची पिढ्यान् पिढ्यांची तहान वेगळी होती. ती माणसं या पुस्तकात येतात, पण आपल्या घराची गोष्ट स्वतः सांगत नाहीत. माझ्या पणजीच्या चुलीवरून लिहिलेलं 'स्मृतिचित्रे' मराठीत नाही. हा लक्ष्मीबाईंचा दोष नाही, पण आपल्या वाचनातला खड्डा नक्की आहे.

हे सगळं जुनं वाटत असेल तर डोंबिवलीत भाड्याने घर शोधून बघा. एका एजंटने मला आधी आडनाव विचारलं, मग "घरी नॉनव्हेज शिजतं का?" सोवळं आता धुऊन घेत नाही, सोसायटीच्या नियमांत बसतं. आणि बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. आमच्यातही लग्नाची बोलणी निघाली की कुणीतरी हळूच विचारतंच, "मूळचे कोण?" रविवारी एकाच कपातून प्रभुभोजन घेतलेली माणसं सोमवारी हा प्रश्न विचारतात, तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकटीने बसून ठरवलेली गोष्ट आम्ही सव्वाशे वर्षांनंतरही ठरवलेली नसते.

म्हणून 'स्मृतिचित्रे' वाचा, विनोदासाठी तर वाचाच. फक्त वाचताना प्रत्येक पानावर एक गोष्ट बघत जा: इथे कोण कुणाला वाढतंय, आणि कोण दाराबाहेर उभं आहे. आणि तुमच्या घरात अशी एखादी आजी असेल, जिच्या आईने त्या दाराबाहेरून आत पाऊल टाकलं होतं, तर फोनचा रेकॉर्डर सुरू करून तिच्याजवळ बसा.