'ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ' : वर्गात दाखवण्यापूर्वी

अल गोर यांचा 'ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ' हा माहितीपट २००६ साली आला. दुसऱ्याच वर्षी त्याला ऑस्कर मिळाले आणि इंग्लंडमध्ये सरकारने तो माध्यमिक शाळांकडे पाठवायचे ठरवले. एका पालकाने त्याविरुद्ध दावा लावला. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला : चित्रपटाचा मुख्य आशय बरोबर आहे, मात्र नऊ विधानांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, तेव्हा तो शिक्षकांसाठीच्या टिपणांसह दाखवावा. आपल्या शाळेत हा चित्रपट लावण्यापूर्वी त्यातील सजीवांविषयीचा भाग तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

सर्वांच्या लक्षात राहते ते ध्रुवीय अस्वल. फुटणाऱ्या बर्फावर चढण्याची धडपड करणारे हे अस्वल ॲनिमेशनने चितारलेले आहे. लांब पोहून अस्वले बुडून मरत आहेत, असे सोबत सांगितले जाते. न्यायालयापुढे याचा पुरावा आला तो वादळात बुडालेल्या चार अस्वलांचा. मग अस्वलांना धोका नाही का? आहे, पण तो उपासमारीचा. सील पकडण्यासाठी अस्वलाला समुद्रावरचा बर्फ लागतो. तो लवकर वितळला की उपासाचे दिवस वाढतात. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम भागात १९८७ मध्ये सुमारे १२०० अस्वले होती. २०२१ च्या पाहणीत ६१८ असल्याचा अंदाज निघाला. बुडण्यापेक्षा हे कारण भक्कम आहे, पण ते एका दृश्यात मावत नाही.

प्रवाळांच्या बाबतीत उलट घडले. मासेमारी, प्रदूषण आणि तापमानवाढ यांचे परिणाम वेगळे काढणे कठीण आहे, असा आक्षेप २००७ मध्ये घेतला गेला आणि तेव्हा तो रास्त होता. त्याचे उत्तर पुढे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफने दिले. २०१६ मध्ये सर्वांत जास्त विरंजन झाले ते तिच्या उत्तर भागात, जिथे माणसाचा उपद्रव सर्वांत कमी आहे. पाणी स्वच्छ असूनही, मासेमारीवर बंदी असूनही प्रवाळ वाचले नाहीत. पाणी तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाले बाहेर टाकतात. त्यांचा रंग जातो आणि अन्नाचा मुख्य पुरवठाही थांबतो.

चित्रपटातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र आलेखावर झटपट उरकले आहे. ते आहे नेदरलँडमधील स्थलांतरित पक्षी आणि अळ्या यांचे. तिथल्या पाइड फ्लायकॅचर या लहानशा पक्ष्यावर ख्रिस्तिआन बोथ आणि मार्सेल व्हिसर यांनी केलेले काम पाहावे. हा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. परत कधी निघायचे हे त्याला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून कळते, आणि त्यात तापमानवाढीने काही फरक पडत नाही. ओकच्या पानांवरील अळ्या मात्र स्थानिक उबेप्रमाणे लवकर बाहेर येऊ लागल्या. पिलांना घास भरवायच्या वेळी अळ्यांचा हंगाम सरलेला असतो. जिथे हा हंगाम सर्वांत लवकर येतो, तिथे दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्के घटली. जिथे तो उशिरा येतो, तिथे घट फारच थोडी होती.

या उदाहरणात कार्यकारणभाव उघड दिसतो आणि तुलनेसाठी दुसरी जागाही आहे. विज्ञानाच्या वर्गाला हवे ते हेच. केवळ भावनेला हात घालणारे दृश्य पुढे चुकीचे ठरले, तर विद्यार्थी त्याबरोबर खरी गोष्टही टाकून देण्याची भीती असते.

चित्रपट जरूर दाखवावा. पण प्रत्येक प्राण्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा : वाढलेले तापमान या जिवापर्यंत नेमके कोणत्या वाटेने पोहोचले? अन्नातून, निवाऱ्यातून की वेळापत्रकातून? ही वाट विद्यार्थ्यांना वहीत काढता आली, तर धडा समजला असे मानायला हरकत नाही.