वेदीवरचा डोंगर

देवाच्या चित्रात मुख आपल्याकडेच हवे, अशी आपली सवय. कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराने १८०८ साली पूर्ण केलेल्या वेदीच्या चित्रात तसे नाही. खडकाळ डोंगरमाथा, त्यावर सूचिपर्णी झाडे आणि वर क्रूस. क्रुसावरची येशूची मूर्ती आपल्यापासून वळून मावळतीकडे पाहणारी. सूर्यही डोंगराआड. त्याचे किरण तेवढे आभाळात चढलेले आणि त्यांची तिरीप मूर्तीच्या धातूवर. दर्शनाला आलेल्याने मग पाहायचे काय? डोंगर.

त्याच नाताळात ड्रेस्डेनला, आपल्या चित्रशाळेत, फ्रीडरिखने ते लोकांना दाखवले. १८०९ च्या जानेवारीत रामडोर नावाच्या टीकाकाराने त्यावर हत्यार उपसले. निसर्गचित्राने देवळात शिरून वेदीवर चढावे, हा त्याला उद्धटपणा वाटला. शिवाय, पाहणाऱ्याने उभे राहायचे तरी कुठे, असेही त्याने विचारले.

हे दुसरे म्हणणे मला मोलाचे वाटते. रामडोरने दोष म्हणून जे दाखवले, तेच या चित्राचे बळ आहे. एरवी डोंगराच्या चित्रात पुढे पायवाट असते, एखादा गुराखी असतो. नजर तिथे पाय ठेवून हळूहळू वर चढते. इथे ती पायरीच काढून घेतली आहे. अंधारलेला माथा एकदम समोर येतो. पाय ठेवायला जागा नाही, तिथे मीपणा कुठे ठेवणार? भव्य म्हणजे नुसते थोरले नव्हे. ज्याच्यापुढे आपले माप चालत नाही, ते भव्य. म्हणूनच त्याचे धुक्याच्या सागरापुढे उभ्या प्रवाशाचे चित्र, सुमारे १८१८ चे, पुष्कळ गाजलेले असले तरी मला उणे वाटते. तिथे पाठमोरा माणूस ऐन मध्यभागी आहे आणि डोंगर त्याच्या पायाखाली.

चौकट मात्र खटकते. फ्रीडरिखच्याच कल्पनेवरून शिल्पकार क्यून याने ती घडवली: वर ताडाच्या फांद्या नि देवदूतांची मुखे, खाली त्रिकोणात देवाचा डोळा, गव्हाची कणसे, द्राक्षवेल. पुढे चित्रकाराने खुलासाही लिहिला, की खडक म्हणजे श्रद्धा, सदाहरित झाडे म्हणजे आशा. अहो, आम्ही कीर्तनकार हेच करतो! अभंगाने श्रोत्याचे डोळे मिटलेले असतात, आणि आम्ही पुन्हा अर्थ सांगायला लागतो.

चित्र आज ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. छापील प्रत हाती आली, तर चौकट झाकून नुसता डोंगर पाहा. आधी झाडे दिसतील, मग क्रुसावर चढलेली वेल.